ऐंशी टक्के फुलोरा

धाकटीने जपानच्या तारखा तिसऱ्यांदा बदलल्या, तेव्हा ट्रॅव्हलवाल्याने फोनच्या पलीकडे कपाळावर हात मारून घेतला असावा.

"मॅडम," तो म्हणाला, "तीन तारखेत काय वाईट होतं?"

"तीनला फुलोरा साठ टक्क्यांवर असेल. मला ऐंशी हवाय. ऐंशी झाला की मग पूर्ण बहर म्हणतात तिकडे."

"आणि नऊला?"

"नऊला ऐंशी. आज सकाळच्या अंदाजाप्रमाणे."

"आणि उद्या सकाळच्या अंदाजाप्रमाणे?"

धाकटीने नऊ तारखेच्या दोन जागा दोन दिवस धरून ठेवायला सांगितल्या, फोन ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला, अंदाज बदललाय का ते बघायला. बदलला नव्हता. चार मिनिटांत कसा बदलेल? पण बघायला काय जातं!

छप्पन्न वर्षांची झाली तरी ती घरीदारी धाकटीच होती. बसच्या डेपोत ती ड्युट्या लावायची: कोणती गाडी कोणत्या रस्त्यावर, तिच्यावर कोण ड्रायव्हर, कोण कंडक्टर. उद्याचा तक्ता ती दुपारी पेन्सिलीने मांडे, पण शाई लावायची ती वर्कशॉपमधून शेवटचा कागद आल्यावरच. कोणाचा ब्रेक लागत नाही, कोणाला ताप भरलाय, हे सगळं कळल्याशिवाय ती एक अक्षर पक्कं करत नसे. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक फेरी रद्द झाली नव्हती, आणि त्यामुळे जो शेवटपर्यंत थांबतो तो चुकत नाही, असं तिचं ठाम मत झालं होतं. डेपोत ते खरंही होतं. डेपोत राखीव गाड्या असतात.

जपानचं मात्र तिने फारच मनावर घेतलं होतं. चेरीचा फुलोरा दक्षिणेकडून वर सरकत जातो, थंडी लांबली की रेंगाळतो, ऊन पडलं की घाई करतो, आणि एकदा बहरला की आठवड्याभरात गळून मोकळा होतो. हे असलं बेभरवशाचं वेळापत्रक धाकटीने आयुष्यात पाहिलं नव्हतं. जेवताना घास हातात धरून ती नकाशे बघे. आंघोळीला जाता जाता परत फिरे. ड्रायव्हर लोक येता-जाता विचारत, "काय बाई, लागली का जपानची गाडी फलाटाला?" ती हसत नसे. तिला रात्रीची झोप नव्हती आणि दिवसा एका जागी बूड टेकत नव्हतं.

हे सगळं चाललं होतं ते ताईसाठी.

ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली. भावजी गेल्यावर ती धाकटीकडे राहायला आली, दोन खोल्यांत दोघी बहिणी. ताईचा शाळेत दरारा होता तो कॉपी पकडण्यात. एखाद्याने पायाच्या अंगठ्याने चिठ्ठी पुढच्या बाकाखाली सरकवली तरी ताई पाठमोरी उभी राहून त्याचं नाव घ्यायची. अशा कडक बाईने आयुष्यात एकच लाड करून घेतला होता. शिक्षकांच्या खोलीत एका रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, आणि त्यात एप्रिलच्या पानावर कालव्याच्या दोन्ही काठांनी फुललेली चेरीची झाडं होती. ताईने त्या वर्षी पान उलटूच दिलं नाही. डिसेंबरपर्यंत भिंतीवर एप्रिलच होता आणि बाकीचे शिक्षक तारीख वर्तमानपत्रात बघत होते.

दीड वर्षापूर्वी ताईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर सरळ बोलणारे होते. "यात गेलेली नजर परत येत नाही," ते म्हणाले. "कडेची नजर आधी जाते, मग घेरा आत आत येत जातो. थेंब वेळच्या वेळी घाला. आणि काही बघायचं मनात असेल तर ते येत्या वसंतापर्यंत बघून घ्या. पुढचं मी सांगू शकत नाही."

त्याच संध्याकाळी धाकटीने जपानचा विषय काढला, आणि चौतीस वर्षं पोरांना रडवलेली ताई भाजी निवडता निवडता रडली.

तो वसंत मात्र हुकला. गेल्या वर्षी तिकिटं काढलेली होती, पण निघायच्या तोंडावर तिकडे तीन दिवस पावसाचा अंदाज आला. पावसाने पाकळ्या झडतात. नेमका त्याच आठवड्यात ताईच्या डोळ्यांच्या तपासणीचा रिपोर्ट आला: जैसे थे. धाकटीला हायसं वाटलं. "बघ, नजर थांबलीय जागच्या जागी," ती म्हणाली. "उगीच चिखल तुडवायला कशाला जायचं? पुढच्या वर्षी नीट जाऊ. वर्ष आहे आपल्या हातात." भरलेली बॅग ताईने रिकामी केली आणि कपडे घडी करून कपाटात ठेवले. पुढे सप्टेंबरचा रिपोर्टही तसाच चांगला आला. यंदा व्हिसा फेब्रुवारीतच हातात पडला होता. अडलं होतं ते फक्त तारखेवर.

"एकवीस मार्चला जाऊ," ताई सुरुवातीपासून म्हणत होती. "कळ्या असतील तर कळ्या बघू."

"कळ्या बघायला जपानला कोण जातं?"

"मी जाईन की."

"तुझं आपलं काहीतरीच," धाकटी म्हणायची आणि नकाशात डोकं घालायची. एकवीसची सव्वीस झाली, सव्वीसची तीन एप्रिल झाली, आणि आता नऊ.

मार्चच्या एकवीसलाच ताईची पुढची तपासणी होती. आजवर ताई एकटीच आत जायची आणि रिपोर्ट घेऊन बाहेर यायची. धाकटी बाहेरच्या बाकावर बसून पाय हलवत राही. आजही ती बसली. दहा मिनिटं बसली. अकराव्या मिनिटाला फोन वाजला: नवा अंदाज. तिकडे अचानक ऊन पडलं होतं, फुलोरा आठवड्याने अलीकडे सरकला होता, आणि नऊ तारखेपर्यंत झाडांखाली नुसता सडा उरणार होता. ताईला विचारल्याशिवाय चौथ्यांदा तारीख कशी बदलायची? ती उठली आणि दार ढकलून तशीच आत गेली.

खोलीत अंधार होता. ताई एका मोठ्या पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसली होती, एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. शेजारी तपासनीस बाई पडद्याकडे बघत होत्या. त्या भांड्यात कुठेतरी बारीकसा दिवा लागे, क्षणात विझे. तो दिसला की बटण दाबायचं, एवढंच काम.

"मोबाईल बंद करा आणि उभ्या राहायचं तर गप्प उभ्या राहा," तपासनीस बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. धाकटी गप्प उभी राहिली.

टक. टक. टक. ताई बटण दाबत होती. पडद्यावर यंत्र दिव्याची जागा दाखवत होतं. धाकटीचा अर्धा जन्म तक्त्यावरच्या खुणा वाचण्यात गेला होता. दोन मिनिटांत तिला ते वाचता यायला लागलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की यंत्र मधूनच एक ठोका गाळतंय. दिवा लागतच नाही. तरी ताईची टक येतेच.

तपासनीस बाईंनी यंत्र थांबवलं.

"मावशी, आत्ता दिवा लागला नव्हता."

"लागला होता," ताई म्हणाली.

"नव्हता. यंत्र मुद्दाम मधे एखादा सोडतं, बघायला. तुम्ही तालावर दाबताय." त्यांनी फाइल उघडली. "गेल्या दोन्ही वेळचं हेच आहे. कोपऱ्यात शेरा मारलाय बघा: रिपोर्ट खात्रीचा नाही, महिन्याभरात परत तपासणी करावी. तुम्हाला चिठ्ठीही दिली होती दोन्ही वेळा."

ताईला पाठीमागे धाकटी उभी आहे हे माहीत नव्हतं.

"पुन्हा करू," तपासनीस बाई म्हणाल्या. आवाज आता मऊ झाला होता. "दिसला तरच दाबायचं. नाही दिसला तर नाही. इथे कोणी नापास करत नाही, मावशी."

यंत्र पुन्हा सुरू झालं. टक. मग काही नाही. पडद्यावर खूण वरच्या कोपऱ्यात गेली, डावीकडे गेली, खाली आली, आणि खोलीत आवाज नव्हता. धाकटी मनातल्या मनात 'दाब, ताई, दाब' म्हणत होती. मधोमध आल्यावर एकदा टक आली. मग पुन्हा काही नाही. शेवटी यंत्रातून कागद बाहेर आला. वर्तुळ काळं होतं आणि मधे बटणाएवढी पांढरी जागा राहिली होती.

डॉक्टरांनी तो कागद बघितला, थेंब बदलून दिले, आणि शेवटी शस्त्रक्रियेचंही बोलले. ती आहे तेवढी नजर राखण्यापुरती, आणि महिन्याभराने केली तरी चालेल अशी. प्रवासाला हरकत नाही, म्हणाले. मग दोघी बाहेर येऊन बाकावर बसल्या.

"तू कॉपी केलीस," धाकटी म्हणाली.

"केली."

"का गं?"

"पहिल्यांदा माझ्यासाठीच केली. भीती वाटली. वाटलं, कागदावर चांगलं आलं म्हणजे चांगलंच असेल. परीक्षेत पोरं करतात तसलाच मूर्खपणा." ताईने पदराने डोळे टिपले, थेंबांनी ते तसेही वाहत होते. "आणि तो कागद हातात घेऊन तू म्हणालीस, वर्ष आहे आपल्या हातात. तेव्हा कोणत्या तोंडाने सांगायचं होतं मी? सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, आपण तिचा वसंत घालवला."

"घालवलाच की!"

"दोघींनी मिळून घालवला. सगळं श्रेय एकटी घेऊ नकोस."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड वर्ष ती ताईला तळहातावर धरून वागत होती, थेंब घड्याळ लावून घालत होती, आणि त्याच दीड वर्षात तिने पावसाचं, टक्क्यांचं, नकाशांचं निमित्त करून ताईचे दिवस एकेक करून मागे ढकलले होते. रागही येत होता, ताईचा आणि स्वतःचा, आणि कोणाचा किती ते वेगळं काढता येत नव्हतं. ती उठून उभी राहिली, दोन येरझाऱ्या घातल्या, परत बसली.

"आता खरं सांग," ती म्हणाली. "तुला किती दिसतं?"

ताईने तिच्याकडे तोंड वळवलं. "तुझं नाक दिसतं. भुवया दिसतात. हनुवटी बघायची तर मान खाली घ्यावी लागते."

"आणि लांबचं?"

"लांबचं सगळं धुकं."

"म्हणजे ते कालव्याकाठचं..."

"ते गेलं," ताई म्हणाली. "अख्खं झाड माझ्या नजरेत मावत नाही आता. ऐंशी टक्के फुललं काय आणि शंभर टक्के फुललं काय. पण फांदी वाकवून कोणी जवळ धरली ना, तर एक फूल मला नीट दिसेल. पाकळ्यांसकट. त्याला किती टक्के लागतात?"

धाकटीने खिशातून फोन काढला. अंदाजाच्या तीन नव्या सूचना येऊन पडल्या होत्या. त्या न उघडता तिने ट्रॅव्हलवाल्याला फोन लावला.

"बोला मॅडम," तो म्हणाला. "आता कितीला न्यायचं?"

"सगळ्यात लवकरचं काय आहे?"

"परवाचं आहे. पण दोन जागा लांब लांब आहेत. आणि परवा तिकडे बघायला काही नाही मॅडम, मी तुम्हाला फसवणार नाही. कुठे कुठे सुरुवात असेल, बाकी सगळ्या कळ्या."

"एक तरी फूल असेल?"

"एक?" तो गोंधळला. "एक तर असेलच. पण उद्या दुपारी नवा अंदाज येतोय, तेवढा बघून..."

"नको. मला सांगूही नका. परवाची तिकिटं काढा. आत्ता, मी फोनवर असताना."

तिकडे कळफलक वाजू लागला. धाकटी फोन कानाला लावून खिडकीपाशी गेली, तिथून दारापाशी, दारापासून परत. पासपोर्टचे आकडे तिने तोंडपाठ सांगितले. मग तो म्हणाला, झालं.

बाकावर ताई मान थोडी वळवून समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होती. "काय म्हणाला?" तिने भिंतीला विचारलं. "आणि तू आहेस कुठे? एका जागी थांब ना जरा. मला दिसेनाशी होतेस."

धाकटी तिच्या अगदी समोर येऊन गुडघ्यांवर बसली. ताईने तिची हनुवटी धरून चेहरा थोडा वर केला, थोडा डावीकडे घेतला आणि सावकाश बघू लागली. धाकटी हलली नाही.