नकाशावरची हिरवी गल्ली

मित्रांनो, अमीनाबादेत कापड दुकानाच्या गच्चीवर गंजका लोखंडी सांगाडा दिसतो ना, तोच मी, मोबाइलचा जुना टॉवर. आज मला बंद करणार आहेत. माझं सोडा हो, माझं वय झालं! मला काळजी लागलीय ती खालच्या गल्लीतल्या पद्माताईंची.

मी आलो तेव्हा काय माझा थाट होता! दुकानदार ऐटीत सांगायचा, "भाई, टावर हमारी छत पर है." पुढे सगळ्यांना रेंजची सवय झाली आणि माझ्याकडे कुणी मान वर करून बघेना. माकडं तेवढी येऊन बसतात.

पद्माताई आणि बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान चंद्रकांतराव गल्लीच्या पार आतल्या टोकाला राहतात. चंद्रकांतरावांचं हृदय अधू आहे. मागे त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सला केलेला फोन माझ्यामार्फतच लागला. म्हणून ते वाचले.

माझा निकाल लावला तो पद्माताईंच्याच भाच्यानं, यशोधननं. हज़रतगंजच्या ऑफिसात बसून टॉवर कुठे हवा, कुठे नको, हे तो ठरवतो. म्हणजे ठरवतो त्याचा प्रोग्राम. शहराचा नकाशा, इमारतींची उंची आणि रेंजची मोजणी दिली की तो गणित करून उत्तर काढतो. गणिताला मी नावं ठेवत नाही. पण मोजणी कशी केली? यंत्रं ठेवलेली गाडी रस्त्यांवरून फिरवून! आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, तिथे गाडी कुठली जायला? ती नाक्यावरूनच परत फिरली. आतला आकडा प्रोग्रामनं अंदाजानं भरला आणि नकाशावर गल्ली हिरवी झाली. हिरवी म्हणजे रेंज उत्तम!

काल मावशी-भाच्याचं बोलणं माझ्यातूनच गेलं.

"यशू, टॉवर काढतायत म्हणे. आमच्या फोनचं काय रे?"

"मावशी, टेन्शन मत लो. रस्त्यापलीकडचा नवा टॉवर तुम्हाला पुरतो."

"अच्छा? पण आत येऊन बघितलं का कुणी?"

"अगं, गाडीनं सगळं मोजलंय."

"बरं बाबा. तुला कळतं त्यातलं."

मला ओरडावंसं वाटलं, "नाही पुरत!" पण मी दुसऱ्यांचेच आवाज पोचवतो. माझं ऐकणार कोण?

आज गुरुवार, बाजार बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. गच्चीवर दोन माणसं आलीत. एक म्हणतो, "चलो भैया, स्विच गिराओ." नेमका तेव्हाच खालून चंद्रकांतरावांचा कण्हण्याचा आवाज आला. पद्माताईंनी घाईघाईनं नंबर लावला. तो माझ्यापर्यंत पोचला, आणि स्विच पडला.

मित्रांनो, गणितं जरूर करा. पण जिथे गाडी जात नाही, तिथे पायी जा. हात जोडायला मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते.

पद्माताई फोन उंच धरून गल्लीत आल्यात. पुन्हा पुन्हा तोच नंबर लावतायत. आतून चंद्रकांतराव हाका मारत होते. आता हाका येत नाहीत.