रेघ एकदाच

माझा मामा काच कापतो आणि माणसंही. काचेला हिरकणी लागते, माणसांना त्याचं तोंड पुरतं.

आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. मामाने मला आणलं, दुकानामागची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "रडायचं तर आत. काचेवर डाग पडतात." पुढच्या पाच वर्षांत त्याच्या तोंडून एकदाही 'शाबास' निघालं नाही. मी कापलेला तुकडा उजेडाकडे धरायचा, नाक मुरडायचा आणि डब्यात भिरकावायचा. "ही काय कड आहे? उंदराने कुरतडलीय?" त्याचा नियम एकच होता, काचेवर रेघ एकदाच. चुकली तर चुकली, पण त्याच रेघेवरून पुन्हा हिरकणी फिरवायची नाही. फिरवली तर काच कुठे फुटेल ते देवालाही सांगता येत नाही.

तरी मला काचेशिवाय दुसरं काहीच नको होतं. मावशी मात्र रविवारी मला न्यायला येणार होती. तिच्या ऑफिसात जागा होती. मामा तिला म्हणाला होता, "गोल कापून दाखवलं तर राहील. नाहीतर ने."

शुक्रवारी वाचनालयाच्या गोल खिडकीचं काम निघालं. काच जुनी, जाड, अंगात पाण्यासारख्या लाटा असलेली. तसली आता बनत नाही आणि गोदामात ती एकच उरली होती. मामाने हिरकणी माझ्या हातात ठेवली.

"ही काप. फुटली तर रविवारची वाटसुद्धा बघू नकोस."

मधोमध रबरी वाटी चिकटवली, तिच्या दांड्याला हिरकणी बसवली, टोक रॉकेलमध्ये बुडवलं आणि फिरवायला सुरुवात केली. सर्र... एकसारखा आवाज. माझ्या हाताखालून निघतोय यावर माझाच विश्वास बसेना. तीन चतुर्थांश वर्तुळ झालं आणि टक् झालं. पुसताना राहिलेल्या कणावरून हिरकणी उडाली होती. रेघ पूर्ण झाली, पण मधे बोटभर जागा कोरीच राहिली.

आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली. मामा ओरडला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "मार. तेवढ्यावरून परत मार."

मी वळून पाहिलं. त्याचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. पाच वर्षं मला वाटायचं, या माणसाला भीती ठाऊकच नाही.

"नाही मामा. हिरकणी दोन्ही टोकांना जुन्या रेघेवर चढेल. रेघ एकदाच."

"अगं, मी सांगतोय ना!"

"तूच सांगितलंयस."

काच टेबलाबाहेर थोडी सरकवली, खालून हिरकणीच्या पितळी मुठीने हलकेच ठोकलं. टक. टक. रेघेच्या पोटात एक चकाकी उगवली. भेग! ती पुढे सरकली तशी मी मागोमाग ठोकत गेले. कोऱ्या जागेशी ती थांबली. अगदी नखाने वाजवावं तसं एकदाच वाजवलं. आणि ती चालली, पुढे रेघ नसताना, आपसूक वळत, पलीकडच्या रेघेला जाऊन मिळाली. इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी आत गेले नाही.

बाहेरचे तुकडे सोडवले. गोल सुटा झाला. मामाने कडेवरून अंगठा फिरवला, पूर्ण एक फेरा.

"मी चुकीचं सांगत होतो," तो म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यानेही ऐकलं नसावं.

मग त्याने फोन माझ्यासमोर ठेवला.

"मावशीला तूच सांग, येऊ नकोस म्हणून. मी बोललो तर ती दुखावेल. मला माणसांशी नीट बोलता येत नाही, पोरी. तुझ्याशीसुद्धा नाही आलं."