मापाचे आरसे

"आई, तिसरा ओरखडा आला की गाडी विकायची, सांगून ठेवते!" लेक पायरीवरून ओरडली.

"येऊ दे तर खरा," बाई गाडीतूनच म्हणाल्या. निवृत्त हेडमास्तरीण, आवाज अजून खणखणीत. महिन्याभरात गाडी मागे घेताना दोनदा फाटकाच्या खांबाला घासली होती, म्हणून मला बोलावलं होतं.

साठ वर्षांची गाडी. मागची काच पाटीएवढी, बाहेर आरसे नाहीत आणि बाईंची मान वळत नाही. पत्र्याला भोक न पाडता मी दोन्ही दारांच्या कडेला रबर घालून आरसे आवळले. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. बाकीचे मिस्त्री स्वतः सीटवर बसून आरसा लावतात. मी चालवणाऱ्याला बसवतो आणि लाल फडकं धरून मागे फिरतो. दिसलो की त्याने सांगायचं, मी फरशीवर खडूने फुली मारायची.

डावी बाजू झकास जमली. उजवीकडेही "दिसलात, दिसलात" चाललं होतं. पण मला खटकलं. चपला वाजल्या की बाई बोलायच्या, नुसतं फडकं हलवलं की गप्प.

मी चपला काढल्या. अनवाणी तीन पावलं टाकून फडकं हलवलं. गाडीत चिडीचूप. आरशात मला बाईंचा उजवा डोळा स्वच्छ दिसत होता, डावा नाकाआड; म्हणजे त्या उजव्या डोळ्याला मीही दिसायलाच हवा होतो.

खिडकीशी जाऊन मी हळूच म्हणालो, "बाई, आरसा बरोबर आहे."

"माहीत आहे मला. चार महिने झाले."

"जमलं का हो मिस्त्री?" लेकीने विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला, खरंच झाला.

बाईच दार उघडून उतरल्या. "यांचं काम चोख आहे. मला उजव्या डोळ्याने दिसत नाही. ही घे किल्ली, तू चालव."

"मी? हे धूड?"

"बस म्हटलं ना. मिस्त्री, आता हिच्या मापाने लावा."

लेक डोळे पुसत सीटवर बसली. बाईंनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, पदर खोचला आणि गाडीला हाताने चाचपत मागे जाऊन ताठ उभ्या राहिल्या.