डावा चार, उजवा सात

"काका, हे बघा आणि मला सांगा, चष्मा बदलायला झालाय का माझा," संगणकावर बसणारी मुलगी म्हणाली आणि तिने उघडलेलं खोकं काकांच्या टेबलावर सरकवलं.

खोक्यात बुटांचा जोड होता. जोड म्हणावा की नाही, हाच प्रश्न होता. तपकिरी, नाड्यांचे, जाड रबरी तळाचे बायकी बूट. डावा चार नंबरचा, उजवा सात नंबरचा. काकांनी खणातून स्टीलची पट्टी काढून दोन्ही मोजले. छापलेल्या नंबरावर विश्वास ठेवायला ते काही काल नोकरीला लागले नव्हते.

परदेशातून आलेली पार्सलं उघडायची, मालाची किंमत ठरवायची आणि तिच्यावर शुल्क बसवायचं, हे काम ते एकतीस वर्षं करत होते. कचेरीत त्यांना टोचेकाका म्हणत. त्याचं कारण त्याच खणात होतं. बाहेरच्या मालाचा नमुना शुल्क न भरता सोडवता येई. पण तो पुढे विकला जाऊ नये म्हणून आधी नासवावा लागे. कापडाला कात्री, बुटाला भोक. भोकासाठी काकांकडे एक पोकळ टोचा आणि लाकडी हातोडी होती.

"कागदावर काय लिहिलंय?"

"नमुना. किंमत काही नाही. पाठवणारं ऑनलाइन दुकान आहे. पण काका, पत्ता घरचा वाटतोय. बाईचं नाव आहे."

"बाईच्या नावावरच तर मागवतात."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. पंधरा वर्षांपूर्वी एका महाभागाने नुसते डावे बूट एका वाटेने आणि नुसते उजवे दुसऱ्या वाटेने आणले होते. एकट्या बुटाला किंमत ती काय, म्हणून दोन्हीकडे नाममात्र शुल्क लागलं, आणि मग पठ्ठ्याने घरी बसून जोड्या लावल्या. त्यातले डावे काकांच्याच टेबलावरून सुटले होते. ठपक्याचा कागद अजून त्यांच्या फायलीत होता.

"याचे उरलेले दोन कुठेतरी वाटेत असणार," ते म्हणाले.

"फोन नंबर दिलाय. लावू का?"

"फोनवर कोण खरं बोलतं?"

"सगळेच काही खोटं बोलत नाहीत, काका."

"मग खरं बोलणाऱ्याला भोकाची भीती कशाला? नमुना असेल तर काही बिघडत नाही. लबाडी असेल तर धावत येतील."

हा युक्तिवाद त्यांचा त्यांनाच आवडला. त्यांनी बूट लाकडी ठोकळ्यावर धरले आणि पंजाखाली, नियमात सांगितलंय तिथे, एकेक ठोका घातला. आरपार. दोन तपकिरी चकत्या तबकात पडल्या. कागदावर त्यांनी 'शुल्क शून्य' लिहिलं आणि चहा मागवला. घरी सून चहा देताना म्हणायची, "बाबा, साखर रोजचीच आहे, हवं तर तपासून घ्या." इथे निदान तसं कोणी बोलत नसे.

दुपारी खिडकीशी एक बाई आली. पंचावन्नच्या पुढची, भिंतीला हात लावत, डोलत चालणारी.

"साहेब, माझे बूट आलेत म्हणे. फोनवर मेसेज आलाय. ड्यूटी किती झाली? पैसे आणलेत मी."

काकांनी मोबाईलवरचा पार्सलचा नंबर ताडून पाहिला. डावा चार, उजवा सात.

"कोणत्या कंपनीच्या तुम्ही?"

"कंपनी कसली? इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. चादरींना इस्त्री करते."

"मग नमुना कशाला मागवलात?"

"नमुना?" बाईने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. दुकानाची पावती होती, पुरी किंमत लिहिलेली. "भाचीकडून दुकानाला कळवलं होतं, खरी किंमत टाका, काय भरायचं ते भरीन. त्यांना वाटलं असेल, बाईचे चार पैसे वाचवावेत."

काकांनी पावती उजेडात धरून पाहिली. मग सकाळपासून राखून ठेवलेला प्रश्न विचारला. "आणि उरलेले दोन बूट?"

"ते गेले की."

"कुठे?"

"दुसऱ्या बाईला. कुठल्या देशात आहे कोण जाणे. तिचा उजवा लहान आहे." बाई हसली. "दुकानवाल्यांनीच शोधून काढली तिला. आजवर मी दर खेपेला दोन जोड घ्यायची, ड्यूटीही दोन्हींची भरायची. निम्मे बूट घरी पेटीत पडून आहेत. एका जोडाच्या पैशात मिळाले ते यंदाच."

तरीही काकांनी पट्टी उचलली. "डावा बूट काढा."

मागे संगणकावरची बोटं थांबली. बाई बाकावर बसली, वाकली, नाडी सोडली. बुटाच्या पुढच्या भागातून जुन्या चादरीचा बोळा निघाला आणि मागोमाग पाऊल. दहाबारा वर्षांच्या मुलीचं असावं एवढंच. काका दाराबाहेर आले, उकिडवे बसले, आणि त्यांनी मोजलं. चार.

"लहानपणी पोलिओ झाला होता," बाई म्हणाली. "चारचा जुना फाटला, म्हणून पेटीतला सातचा घातलाय. दिवसभर हा पाय नुसता पोहत असतो बुटात. झालं का मोजून?"

मुलीने खोकं आणून बाकावर ठेवलं. बाईने डावा बूट हातात घेतला, वास घेतला, उलटा केला. तिची करंगळी भोकात गेली.

"हे काय?"

"नमुना विकता येऊ नये म्हणून पाडावं लागतं."

"मी कोणाला विकणार होते, साहेब? कोणाला होतील हे?"

काकांनी कागदावर बोट ठेवलं. "तुम्हाला शुल्क काही नाही," ते म्हणाले. "शून्य."

बाईने पैसे खिडकीच्या फळीवर ठेवले. "शुल्क घ्या आणि भोक परत घ्या."

नियमांचं पुस्तक काकांना तोंडपाठ होतं. तसं कलम त्यात नव्हतं.

"वर अर्ज करता येईल. चूक माझी, असं मी लिहून देतो."

"त्याने बूट येतील?"

"नाही. भरपाई मिळाली तर मिळेल. वेळ लागेल."

काका आत गेले. तबकात कितीतरी चकत्या साठल्या होत्या, काळ्या, पांढऱ्या. त्यांतून त्यांनी दोन तपकिरी शोधल्या, पाकिटात घातल्या, पाकिटावर 'रबरी चकत्या, नग दोन' असं लिहिलं आणि सवयीने नोंदवही सहीसाठी पुढे केली. मुलीने मान फिरवली. बाईने सही केली.

"चांभार चिकटवून देईल बहुतेक," काका म्हणाले.

"टिकेल?"

हो म्हणावं असं त्यांना फार वाटलं. "सांगता येत नाही."

बाईने तिथेच नवे बूट चढवले, जुने खोक्यात भरले, बोळाही ठेवला. फळीवरचे पैसे काकांनी तिच्याकडे सरकवले. तिने ते न मोजता पर्समध्ये टाकले. मग ती भिंतीला हात न लावता उभी राहिली.

बाहेरच्या लांब व्हरांड्याचा अर्धा भाग नुकताच पुसून झाला होता. काका दारात उभे राहून कान देऊन ऐकत होते. लंगडण्याचा आवाज कुठे सापडतो का, ते बघत होते. दोन्ही टाचा सारख्या वाजत गेल्या आणि जिन्यात उतरल्या.

ओल्या फरशीवरून ती कोरड्या फरशीवर गेली होती, तिथे पावलं उमटली होती. लहान, मोठं, लहान, मोठं. प्रत्येकाच्या पंजात एक गोल कोरडा ठिपका.

शिपाई पार्सलांची ढकलगाडी घेऊन आला.

"थांब जरा," काका म्हणाले. "वाळू दे."