न फाटलेले चिलखत

मित्रांनो, इंग्लंडमधल्या रीडिंग गावाजवळच्या एका छोट्या संग्रहालयात, जिन्याशेजारच्या काचेच्या कपाटात, लाकडी धडावर चढवलेले एक काळपट लोखंडी चिलखत आहे. ते मी. वयाने मी सहाशे वर्षांच्या पुढचा आहे. लोक माझ्यासमोर फोटो काढतात. बोलता मात्र मला येत नाही.

एका लोहाराने तार ओढून कड्या वळवल्या, एकीत एक गुंतवल्या आणि प्रत्येकीचे तोंड बारीक खिळ्याने बंद केले. पूर्ण हिवाळा त्याचे कुटुंब माझ्यावर राबत होते. मी तयार झालो तेव्हा राजाने मला ह्यू नावाच्या तरुण सरदाराच्या अंगावर चढवले. ह्यूने गुडघे टेकून इमानाची शपथ घेतली. त्या दिवशी त्याची छाती किती जोरात धडधडत होती, ते माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार?

त्याने मला फार जपले. गंज चढू लागला की तो मला वाळूच्या पिंपात घालून ते पिंप स्वतः लोळवायचा. मीही माझे काम केले. दोन लढायांत बाण माझ्यावर आपटून खाली पडले.

मग आम्ही साउथहॅम्प्टनच्या बंदरातून समुद्रापार गेलो. आज तिथे क्रूझची जहाजे लागतात, तेव्हा घोडे चढवत होते. पलीकडे एका तटबंदीच्या गावाला राजाने वेढा घातला. गाव लवकर शरण येईना. वेढ्यात राजाचा धाकटा भाऊ मारला गेला. शेवटी गावातले धान्य संपले, तेव्हा राजाने ह्यूला निरोप घेऊन वेशीवर पाठवले. दार उघडा, कुणाच्याही जिवाला धक्का लागणार नाही, असा तो निरोप होता. गावाच्या वतीने एक म्हातारा गिरणीवाला पुढे आला. राजाला मी ओळखत नाही, तू शब्द देतोस का, असे त्याने विचारले. ह्यूने त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला.

दार उघडले. राजाने गावातले सगळे पुरुष भिंतीशी उभे करायला सांगितले. का, ते सगळ्यांना कळले.

ह्यू पुढे झाला. "महाराज, मी त्यांना शब्द दिला आहे."

"शब्द माझा होता," राजा म्हणाला. "मी तो परत घेतला."

"माझाही होता," ह्यू म्हणाला.

त्याने कमरेचा पट्टा सोडला, वाकला आणि मला डोक्यावरून उतरवले. राजाने दिलेले राजाच्या पायाशी ठेवले. मग नुसत्या सदऱ्यावर चालत जाऊन तो त्या गिरणीवाल्याशेजारी उभा राहिला.

मित्रांनो, मी तिथेच चिखलात पडून होतो. बाण अडवण्यासाठीच माझा जन्म होता आणि माझ्यात एक कडी हलवण्याचीही ताकद नव्हती. धनुर्धाऱ्यांनी राजाकडे पाहिले. त्याचे डोळे भरले होते, हे मी पाहिले. तरी त्याने बाण सोडायला हात वर केला.

ह्यू तापाने वारला, असे त्याच्या घरी कळवण्यात आले. मला राजाच्या विजयाची खूण म्हणून एका वाड्याच्या दिवाणखान्यात टांगले. माझ्याखाली बसून पिढ्यान्पिढ्या लोकांनी राजाच्या पराक्रमाची गाणी ऐकली. पुढे तो वाडा विकला गेला आणि मी तळघरात, कोळशाच्या ढिगामागे गंजत पडलो.

आता या संग्रहालयात स्वराली माझी काळजी घेते. ती इथे जवळच रीडिंगमध्ये जन्मली, तिचे आजोबा नागपूरहून आलेले. ती मऊ ब्रशने माझी कडी न् कडी पुसते, हवेतला ओलावा तपासते. इतक्या मायेने मला ह्यूनंतर कुणी हाताळलेले नाही.

गेल्या शनिवारी ब्रॅकनेलहून अनुप नावाचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. अक्षराला शाळेत राजे आणि सरदार यांवर प्रोजेक्ट होता. ती मराठी बोलते आहे हे ऐकून स्वराली कौतुकाने पुढे आली. अक्षराने काचेला नाक लावून मला नीट न्याहाळले आणि विचारले, "याला भोक कुठंच नाही?"

"नाही ना," स्वराली म्हणाली. "ही चिलखत खूप स्ट्राँग होती. एक पण ॲरो आत नाही गेला."

"म्हणजे तो माणूस वाचला?"

"हो. हिनेच त्याला वाचवला."

अक्षराला बरे वाटले. "मग तो घरी गेला," ती बाबांना म्हणाली. अनुपने मान डोलावली. तिने वहीत माझे चित्र काढले, आत हसरा माणूस काढला आणि जाताना मला हात हलवून टाटा केला. मी काचेआड तसाच उभा होतो.

मित्रांनो, तुम्ही मला गंजापासून जपता, तुमचे उपकार आहेत. पण एखादे धड राहिलेले चिलखत दिसले, तर ते घालणाराही धड राहिला, असे लगेच मानू नका. ते त्याने कधी उतरवले आणि कशासाठी, एवढे कुणाला तरी विचारा. मला सांगता येत नाही.