डावा चाळीस, उजवा चाळीस

टिश्यू पेपरात गुंडाळलेली कानाच्या मशीनची जोडी.

“उजवीकडून भांडी अंगावर येतात. डावीकडून कुणीच येत नाही.”

डावा चाळीस, उजवा चाळीस.

ऑब्जेक्टजवळ एखादी गोष्ट नसली, तर प्रोग्राम ती त्याच्या क्लासकडून घेतो. गुपचूप.

दारावरची पाटी: तपासणी वेळ ठरवूनच.

जोडी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. सकाळी त्यांनी ती मावशीच्या टेबलावर आणून ठेवली, भांड्यांची तक्रार केली आणि “दे दुसऱ्या कुणाला” म्हणून निघून गेले. मावशी कानाची मशीनं बसवते. पन्नाशीनंतर हट्टानं शिकून तिनं मापाप्रमाणे मशीन लावणारा दुकानाचा प्रोग्रामही स्वतःच लिहिला. माझं पोट प्रोग्रामिंगवर चालतं, म्हणून मला बोलावणं.

“चार वाजता येतायत, बळंच बोलावलंय. आज जमलं नाही तर पुन्हा घालायचे नाहीत. मग बसा आयुष्यभर खाणाखुणा करत.”

“प्रोग्राम तुझाच ना?”

“म्हणून तर तू बघ. स्वतःच्या पोराचं शेंबडं नाक आईला दिसत नाही.”

बघितलं. मावशीनं ‘गिऱ्हाईक’ नावाचा क्लास, म्हणजे सगळ्यांसाठी एकच साचा, केला होता. त्यात डावा चाळीस, उजवा चाळीस, आजची तारीख, म्हणजे नव्या नोंदीचा पडदा रिकामा दिसायला नको. प्रत्येक माणूस म्हणजे त्या क्लासचं एक ऑब्जेक्ट.

टाइप केलं: डिर(आबा). डिर म्हणजे, तुझ्या नावावर काय काय चालतं ते सगळं सांग, उसनं असलं तरी.

नाव, डावा, उजवा, तारीख. सगळं जागच्या जागी.

मग दुसरं एक गिऱ्हाईक, व्हार्स(शिंपीकाका). व्हार्स म्हणजे, फक्त स्वतःजवळचं दाखव.

नाव, डावा पंचावन्न, उजवा साठ, तारीख.

व्हार्स(आबा).

नाव.

बस्स. चाळीस-चाळीस क्लासकडून उसने.

“मावशी, आबांचं माप कुठंय?”

ती टिश्यू पेपराची घडी घालू लागली. नीट, चारदा.

“मावशी.”

“घेतलं नाही.”

“अगं, रस्त्यावरच्या माणसाला सुद्धा तू अर्धा तास बसवतेस.”

“बापाला खुर्चीत बसवून ‘ऐकू आलं की बटण दाबा’ कसं म्हणायचं? वाटलं, घरचेच आहेत. रोज बोलतोय की.” मग हळूच, “ओरडून बोलतोय.”

चार.

आबा हेडफोन लावून खुर्चीत. हातात बटण. मावशी काचेपलीकडे.

टिक. टिक. टिक.

“आबा, मी अजून काही सुरूच केलं नाहीये.”

“तू माझ्याकडं बघितलंस, म्हणून दाबलं.”

“माझ्याकडं बघून नाही दाबायचं.”

“बरं.” टिक.

शेवटी आम्ही दोघींनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. आबा म्हणाले, शाळेतसुद्धा असं कुणी उभं केलं नव्हतं. मग अर्धा तास शांतता. मधूनच एखादी टिक, बराच विचार करून दिलेली.

डावा सत्तर. उजवा पंचवीस. आकडा मोठा, तितकं ऐकू कमी. मावशीनं आकडे स्वतः टाइप केले, मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. व्हार्स(आबा) आता चार ओळींचं झालं. जोडी नव्यानं लावून तिनं ती त्यांच्या कानांत बसवली, आणि सवयीनं खच्चून विचारलं, “कसं वाटतंय?”

आबा दचकले. डावीकडे वळले, ती उभी होती त्या बाजूला.

“ओरडतेस कशाला? इथंच तर बसलोय.”

मावशी काहीतरी बोलली. इतकं हळू की मलाही ऐकू आलं नाही. आबांनी मान डोलावली.

दुकान उघडलं त्या दिवशी तपासणीच्या वहीत पहिलं नाव आबांनी स्वतःचं लिहिलं होतं; त्यापुढचा वेळेचा रकाना आजपर्यंत कोराच होता.