आवळलेली कॉलर

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या सभागृहात प्रयोगशाळेतली सहायक गुनवोर मांडीवर वही घेऊन बसली होती. १९३८ सालचा मे महिना. समोर तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर हेदलुंड यांचा होणारा जावई सिक्स्टन, काळा शेपटांचा कोट आणि गळ्याशी करकचून आवळलेली, खळ घातलेली कॉलर अशा रिवाजातल्या थाटात डॉक्टरेटचा प्रबंध मांडत होता. त्याचा प्रबंध म्हणे! मांजराच्या मानेतला मज्जातंतू तारेवर चढवून त्याची टकटक भोंग्यातून ऐकत दोन हिवाळे काढले ते गुनवोरने. हा बाबा प्रयोगशाळेत यायचा तो कॉफी ढोसायला.

तिथली एक रीत मात्र बरी. परीक्षकांचं झालं की सभेतल्या कुणालाही उठून प्रश्न विचारता येई. आज गप्प बसलं तर आपलं काम जन्मभर ह्या ऐतखाऊच्या नावावर राहणार, हे तिला कळत होतं. ती उठली.

"रक्ताचा दाब वाढला की हा तंतू ओरडतो म्हणालात. दाब तसाच चढलेला ठेवला, तर पुढे काय होतं?"

ह्याचं उत्तर लिहिलेलं वहीतलं पान तिने कुणाला दिलंच नव्हतं. सिक्स्टनने मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं. तिने प्रश्न पुन्हा विचारला, त्याने मान आणखी ताणली. कॉलरची कड गळ्यात रुतली, तोंड पांढरंफटक पडलं आणि गडी धाडकन आडवा झाला.

लोक उकाड्याला दोष देत पाणी शोधू लागले. गुनवोरने धावत जाऊन कॉलरचं बटण उपटलं. बाहेरून मान दाबली तरी तिथल्या त्या तंतूला वाटतं रक्ताचाच दाब चढला. तो मेंदूकडे बोंब ठोकतो आणि हृदय मंदावतं. कॉलर सुटताच सिक्स्टनने डोळे उघडले.

प्रोफेसरांनी लगेच हात पसरले. उमेदवाराने सिद्धान्त स्वतःच्या मानेवर करून दाखवला, असं ते बेशरमपणे म्हणाले, आणि सभेने हसून टाळ्या वाजवल्या. शी! गुनवोरला त्या टाळ्यांची किळस आली.

प्रोफेसर तिच्या कानाशी वाकले. "बसा आता, बाई. सुरुवातीला लागतं मनाला. मग सवय होते."

"सवय तंतूला होते, प्रोफेसर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दाब टिकला की तो हळूहळू गप्प होतो. माझ्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. मी नाही गप्प होणार."

टाळ्या थांबल्या. बटण टेबलावर ठेवून तिने दुसरा प्रश्न विचारला.